उपेक्षित आणि उपेक्खा : भावनावाचक शब्दांची एक समीक्षा

वंदना, परित्राणपाठ आणि ध्यानसाधना यांच्या निमित्ताने आपल्या विहारांतून मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ह्या चार ब्रह्मविहारांचा उच्चार नित्य होत असतो. हे शब्द मराठी श्रोत्याला परके वाटत नाहीत. त्यांतील बहुतेक शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात आणि वाचनात आहेत. त्यामुळे त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे तो गृहीत धरतो. हा परिचितपणाच धम्माच्या आकलनाच्या आड येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणमीमांसा करणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका वयोवृद्ध उपासिकेने विचारलेला प्रश्न ह्या लेखाच्या मुळाशी आहे. त्या म्हणाल्या, "भन्तेजी, आमच्या बापजाद्यांची ज्यांनी उपेक्षा केली त्यांना आपण दोष देतो, आणि इथं उपेक्षा करायला शिका म्हणता. मग उपेक्षा चांगली की वाईट?" हा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. वस्तुतः तो भाषेचा, अनुवादाचा आणि आपल्या सामाजिक इतिहासाचा एकत्रित प्रश्न आहे.

मनुष्याच्या भावना सर्वत्र सारख्या असतात, भाषा केवळ त्यांना नावे देते, असा एक समज आहे. हा समज अपुरा आहे. पॅसिफिक महासागरातील इफालुक ह्या लहानशा बेटावरील लोकांच्या भाषेत 'फागो' असा एक शब्द आहे. करुणा, प्रेम आणि विषाद ह्या आपण वेगळ्या मानलेल्या तिन्ही भावना त्यात एकत्र नांदतात. कॅथरीन लुट्झ ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. कोणापुढे कोणती भावना उचित, ती कोणी कोणाविषयी बाळगावी, याचे संस्कार शब्दासोबतच मुलांच्या मनावर होतात. भावनावाचक शब्दात माणसामाणसांतील नाते दडलेले असते. म्हणूनच एका समाजाचा शब्द दुसऱ्या समाजात गेला की उच्चार तोच राहून नाते बदलू शकते.

प्रथम 'भावना' हाच शब्द घेऊ. मराठीत भावना आपल्याला होते, ती उचंबळते, ती दुखावते, माणूस भावनेच्या भरात काहीतरी करून बसतो. या सर्व प्रयोगांत माणूस भावनेच्या अधीन आहे. पालीतील 'भावना' हा शब्द मात्र 'घडविणे, वाढविणे' ह्या अर्थाचा आहे. शेतकरी पीक वाढवितो त्याप्रमाणे साधक चित्ताचा एक गुण वाढवितो, ती भावना. 'मेत्ता-भावना' म्हणजे मैत्रीची ऊर्मी नव्हे, तर मैत्रीची मशागत. मराठी श्रोता 'मैत्री भावना' हे शब्द ऐकतो तेव्हा मनात काही कोमल वाटले की साधना झाली, असे त्याला वाटते. जे कष्टाने करावयाचे, ते आपोआप होण्याची तो वाट पाहतो. एका शब्दाच्या अर्थांतराने साधनेची दिशाच बदलते, ती अशी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'उपेक्खा' हा शब्द 'उप' आणि 'इक्ख', म्हणजे जवळून पाहणे, यांपासून झाला आहे. परीक्षा, निरीक्षण आणि समीक्षा हे शब्दही त्याच पाहण्याच्या धातूचे आहेत. 'पाहूनही न पाहणे' हा अर्थ संस्कृतातही ह्या शब्दाला होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु मराठीत तेवढाच अर्थ शिल्लक राहिला आणि तो आपल्या समाजाला चिकटविण्यात आला. श्री. म. माटे यांनी अस्पृश्य समाजाविषयी सहानुभूतीने लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'उपेक्षितांचे अंतरंग' असे आहे. हेतू सद्भावनेचा असेल. शब्द मात्र सौम्य आहे. उपेक्षा म्हणजे लक्ष गेले नाही, राहून गेले. चवदार तळ्याच्या पाण्याविषयी कोणाचे लक्ष राहून गेले नव्हते. ते पाणी जागरूकपणे राखलेले होते. बाबासाहेबांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले, ते विचारपूर्वक. 'बहिष्कृत' ह्या शब्दात बहिष्कार घालणारा दिसतो. 'उपेक्षित' ह्या शब्दात तो दिसेनासा होतो.

ज्या समाजाला हा शब्द असा चिकटला, त्याला तोच शब्द सद्गुण म्हणून सांगितला तर त्याच्या मनात संशय उत्पन्न होणारच. या संशयाचे उत्तर पाली परंपरेतच आहे. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' ह्या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड विरोधी असतो. जवळचा शत्रू त्या गुणासारखाच दिसतो आणि म्हणून अधिक फसवा असतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, जवळचा आसक्ती. करुणेचा दूरचा शत्रू हिंसा, जवळचा संसारात गुरफटलेला शोक. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग, म्हणजे आसक्ती, आणि प्रतिघ, म्हणजे चीड. तिचा जवळचा शत्रू म्हणजे 'अञ्ञाणुपेक्खा', अर्थात अज्ञानातून आलेली बेपर्वाई.

मराठीत आज ज्याला आपण उपेक्षा म्हणतो, ती हीच अञ्ञाणुपेक्खा होय. आचार्यांनी जिला शत्रू म्हटले, तिचेच नाव मराठी भाषेत सद्गुणाच्या जागी येऊन बसले आहे. उपासिकेचा प्रश्न म्हणूनच रास्त होता. त्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला जे आले ते बुद्धाच्या उपेक्खेचे आचरण नव्हते. त्यातील बेपर्वाई हा तिचा जवळचा शत्रू आणि त्यातील तिरस्कार हा तिचा दूरचा शत्रू होता.

मग उपेक्खा कशी ओळखावी? त्याच परिच्छेदात चार मुलांच्या आईचा दृष्टान्त आहे. एक मूल लहान, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आणि एक आपल्या कामाला लागलेला. लहान्याने वाढावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाने आपले सुख दीर्घकाळ भोगावे, असे तिला वाटते. चौथ्याविषयी ती घोर लावून घेत नाही. ही चौथी वृत्ती म्हणजे उपेक्खा. त्या मुलाला आईने टाकलेले नाही. त्याच्या कर्तृत्वावर तिचा विश्वास आहे, म्हणून तिचे चित्त स्थिर आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात शीलमार्गाचे विवेचन करताना हा भेद नेमका टिपला आहे. उपेक्खा म्हणजे अनासक्ती, औदासीन्य नव्हे, असे ते स्पष्ट करतात. फळाने विचलित न होता त्याच्या प्राप्तीसाठी प्रयत्नशील राहणे, हा तिचा आशय ते सांगतात. ग्रंथ इंग्रजीत असल्याने अनासक्ती आणि औदासीन्य यांसाठी दोन स्वतंत्र शब्द त्यांच्या हाताशी होते. मराठीत आपण पुन्हा 'उपेक्षा' म्हणतो आणि त्यांनी वेगळे केलेले अर्थ पुन्हा मिसळून टाकतो. 'तटस्थता' हा पर्यायही समाधानकारक नाही. तटावर उभा असलेला माणूस बुडणाऱ्याकडे पाहत राहू शकतो. आयुष्यभर चळवळ करणाऱ्या महापुरुषाला असा अर्थ अभिप्रेत असणे शक्य नाही.

करुणेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मराठीत 'करुणा भाकणे' असा वाक्प्रचार आहे. 'करुणाष्टके' ह्या नावातही आर्त याचनेचाच सूर आहे. म्हणजे करुणा वरून खाली येते आणि खालच्याने ती मागावयाची असते. दुसरीकडे संस्कृत काव्यशास्त्रात करुण हा आठ रसांपैकी एक रस असून त्याचा स्थायीभाव शोक आहे. शाळेपासून हे संस्कार झाल्यामुळे 'करुण' म्हणताच आपल्याला अश्रू आठवतात. पाली परंपरेत करुणा मागावयाची नसून स्वतः निर्माण करावयाची आहे. दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे ही प्रेरणा तिचे लक्षण आहे, आणि शोकात बुडणे हा तर तिचा जवळचा शत्रू सांगितला आहे.

इतर देशांतील अनुवादकांनाही ही अडचण आली. चिनी अनुवादकांनी करुणेसाठी जे अक्षर स्वीकारले त्याचा एरवीचा अर्थ शोक असा आहे. तिबेटी अनुवादकांनी मात्र 'हृदयाचा स्वामी' अशा अवयवांचा शब्द वापरला. एकाने दुःखाशी सहभाग निवडला, दुसऱ्याने चित्ताची उंची निवडली. उपेक्खेसाठी चिनी भाषेत 'सोडून देणे' ह्या अर्थाचे अक्षर आले, तर तिबेटी शब्दात 'सोडणे' आणि 'सम' हे दोन्ही अंश जोडले गेले. बेपर्वाईचा अर्थ शिरू नये म्हणून तिबेटी अनुवादकांनी घेतलेली ही खबरदारी उल्लेखनीय आहे.

'दया' हा शब्द काही अभ्यासक सरसकट त्याज्य मानतात. ते योग्य नव्हे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात शीलवान माणसाच्या वर्णनात 'दयापन्न' हा शब्द आहे आणि नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेचा स्वीकार आहे. दोष शब्दात नसून, देणारा उच्च आणि घेणारा नीच ही जी रचना त्याभोवती उभी राहिली, तिच्यात आहे. बाबासाहेबांनी ती रचनाच मोडली. सद्धम्माचे स्वरूप सांगताना ते प्रज्ञेला शीलाची आणि त्यांपुढे करुणेची जोड देतात, आणि करुणेच्याही पुढे मैत्री आवश्यक मानतात. मैत्रीत उच्चनीचता संभवत नाही. मित्रापुढे कोणी करुणा भाकत नाही.

तिसरा शब्द 'वेदना' आहे. दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रयी रूढ आहे. पालीत मात्र वेदना म्हणजे कोणताही अनुभव, मग तो सुखद असो, दुःखद असो वा दोन्ही नसलेला असो. सतिपट्ठान सुत्तातील वेदनानुपस्सनेचा अर्थ 'दुखण्याकडे पाहणे' असा घेतला तर तिचा दोनतृतीयांश भाग गळून पडतो. याउलट चूकही संभवते. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) सारख्या आत्मकथनातील वेदनेकडे केवळ एक संवेदना म्हणून पाहा आणि ती जाऊ द्या, असे कोणी सांगितले तर तो धम्माचा विपर्यास होईल. दलित साहित्यातील वेदना ही पालीतील वेदना नसून 'दुःख' आहे, कारण ती समुदय विचारते. हे कोठून आले, ह्याला जबाबदार कोण, असा तिचा प्रश्न असतो. बाबासाहेबांनी धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आणि माणसाचे माणसाशी असलेले नाते ठेवले. आपल्या समीक्षकांनी ह्या प्रकाशात वेदना हा शब्द पुन्हा तपासला पाहिजे.

मुदितेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर दुसऱ्याच्या उत्कर्षाने होणारा आनंद यासाठी मराठीच्या नित्य व्यवहारात नेमका शब्द नाही. मत्सर, हेवा, असूया, जळफळाट, पोटदुखी असे विरोधी शब्द मात्र विपुल आहेत. शब्द नाही म्हणून भावनाच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. 'कौतुक' हा शब्द जवळचा आहे. परंतु तो बहुधा वडीलधाऱ्याने धाकट्याविषयी वापरावयाचा. बरोबरीच्या माणसाच्या यशाने होणारा निखळ आनंद सांगावयास आपण अडखळतो. आपल्या संघटनांत फूट का पडते, याचा विचार करताना ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

यावर उपाय काय? तिबेटमध्ये नवव्या शतकाच्या आरंभी राजाश्रयाने पंडितांनी एकत्र बसून पारिभाषिक शब्द निश्चित केले. 'महाव्युत्पत्ति' हा कोश त्या कार्याचे फळ आहे. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी बौद्ध विचाराचा पाया घातला आणि 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत संपादितही केला. त्या पायावर आपल्या संस्थांनी एकत्रितपणे पुढचे काम करावयास हवे. प्रतिशब्दांची केवळ यादी त्यासाठी पुरणार नाही. शब्दाचा पालीतील अर्थ, मराठीतील अर्थ आणि त्याचा जवळचा शत्रू, अशा तीन बाजू मांडणारा कोश हवा.

एक मार्ग तर आपल्या समाजाने पूर्वीच अनुसरला आहे. 'धर्म' ह्या शब्दासोबत येणारे नको ते अर्थ टाळण्यासाठी आपण 'धम्म' लिहू लागलो आणि आज तो शब्द मराठीत सर्वमान्य झाला आहे. त्याच न्यायाने 'उपेक्षा' ऐवजी 'उपेक्खा' म्हणावे आणि तिचा अर्थ 'समचित्तता' असा सांगावा, अशी आमची सूचना आहे. करुणा, वेदना, भावना ह्या शब्दांचे रूप दोन्ही भाषांत एकच असल्याने तेथे हा उपाय चालणार नाही. तेथे प्रत्येक प्रवचनकाराने आणि धम्मशिक्षकाने अर्थ उलगडून सांगण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

त्या उपासिकेला द्यावयाचे उत्तर आता स्पष्ट आहे. ज्यांनी आपल्याला दूर ठेवले त्यांनी आपल्याकडे पाहिलेच नाही. बुद्ध आपल्याला जवळून पाहावयास सांगतात, आणि पाहूनही चित्त ढळू न देता काम चालू ठेवावयास सांगतात. या दोन गोष्टींना एकच नाव असू नये.