बागेतील गाव आणि त्याचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. महाजनांच्या सभेत तो उच्चारला जातो, देणगीच्या पावतीवर तो छापलेला असतो आणि सभामंडपाचे छप्पर गळू लागले की लहानथोरांच्या तोंडी तोच होतो. देवळाखेरीज अन्य वास्तूस हा शब्द लावताना आपण थोडे अडखळतो. मग खेळण्यातल्या घरांस आणि खेळण्यातल्या आगगाडीच्या स्थानकांस तो लावणे हा तर शब्दाचा उपमर्दच वाटावयाचा. तथापि इंग्लंडातील बेकन्सफील्ड गावच्या एका बागेसंबंधी १९९२ साली जो निर्णय झाला, त्यास दुसरे नाव आम्हांस सुचत नाही. त्या निर्णयाचा विचार येथे करावयाचा आहे, कारण आपल्या देवस्थानांपुढे येणारा प्रश्न तेथे वीतभर उंचीच्या घरांपुढे आला होता. आणि वस्तू लहान असली म्हणजे तिच्यातील गुंता पुष्कळदा अधिक स्वच्छ दिसतो.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. रोलंड कॅलिंगहॅम हे लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचा व्यवसाय करीत. त्यांना खेळण्यातील आगगाड्यांचा नाद होता. घरात रूळ पसरलेले पाहून पत्नी कंटाळली आणि 'एक तर ही गाडी घराबाहेर जाईल, नाही तर मी' असे तिने बजावले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, गाडी बाहेर गेली. बागेतल्या पोहण्याच्या तलावाचा समुद्र झाला, टेनिसच्या मैदानावर वस्ती झाली, टॉम बेरी नावाचा माळी गवंडीकामास लागला आणि घरची इतर नोकरमाणसेही हाताशी आली. रेल्वेचे काम मात्र बॅसेट-लोक या नामांकित कारखान्याकडे दिले होते. १९२९ च्या ऑगस्टमध्ये हे 'बेकन्स्कॉट' सुरू झाले. पैसा मिळवावा हा त्यात हेतू नव्हता; येणारे पाहुणे जे काही देत ते धर्मादाय कार्यास जाई. आज ते सुमारे दीड एकरावर पसरले आहे. ग्रीनहेली, हँटन, साउथपूल अशी त्यातील गावांची नावे आहेत. मुख्य स्थानकाचे नाव 'मेरीलू' असून लंडनची मॅरिलबोन आणि वॉटर्लू ही दोन स्थानके एकत्र कालवून ते केलेले आहे. दुकानांच्या पाट्यांवरही असाच शब्दखेळ चालतो. खाटकाच्या दुकानाचे मालक आहेत 'सॅम आणि एला'. ही जोडी भरभर उच्चारावी म्हणजे अन्न विषारी करणाऱ्या जंतूचे नाव कानी पडते. हा विनोद फार उच्च कोटीतला नाही, पण त्या गावाच्या स्वभावाशी तो जुळतो.

उघड्यावरील प्रतिकृतीची कला ही घरातील प्रतिकृतीच्या कलेहून अगदी निराळी आहे. ग्वाल्हेरकर वाचकांस जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी रुपेरी गाडी ठाऊक असेल. तिला पुसावे लागते, पावसाशी झुंजावे लागत नाही. बागेतील घराची गोष्ट अशी नाही. माणूस भिंत लहान करू शकतो, खिडकी लहान करू शकतो. पावसाचा थेंब त्याला लहान करता येत नाही. बेकन्स्कॉटची घरे मूळ घराच्या बाराव्या हिश्श्याची आहेत. त्या घरावर अर्ध्या सेंटिमीटरचा टपोरा थेंब पडतो तेव्हा आतल्या चिमुकल्या माणसाच्या लेखी तो सहा सेंटिमीटरचा, म्हणजे चांगल्या लिंबाएवढा असतो. प्रमाणात केलेली पन्हळ असले पाणी वाहून नेत नाही. ते तिच्या काठावरून थेट भिंतीवर उतरते. थंडीत तेच पाणी काँक्रीटच्या बारीक भेगेत गोठून फुगते आणि भेग रुंदावते. असे काही हिवाळे गेले की कोपरा निखळून हातात येतो. उन्हाने रंग उडतो, ओलीने लाकूड कुजते, आणि शेजारी लावलेल्या खुज्या झाडाची मुळे पाया उचलतात. झाडाची उंची कात्रीने राखता येते. पानाचा आकार राखता येत नाही, म्हणून मुळातच बारीक पानांची जात निवडावी लागते. अशा ठिकाणी बांधणे आणि दुरुस्त करणे ही दोन कामे वेगळी राहतच नाहीत. बांधणारा ज्या दिवशी हात धुतो त्याच दिवशी दुरुस्ती सुरू होते. या अर्थाने बेकन्स्कॉटचा खरा कर्ता कॅलिंगहॅम की बेरी, असा वाद कोणी घातला तर आम्ही माळ्याच्या बाजूने उभे राहू.

एक मोठा दोष येथेच सांगून टाकतो. घरे बाराव्या हिश्श्याची, तर गाडी बत्तिसाव्या हिश्श्याची आहे. तिच्या दोन रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर असते. घरांच्या प्रमाणाने गाडी करावयाची तर हे अंतर सुमारे १२० मिलिमीटर हवे होते. सहा फुटी माणूस रस्त्यावर सहा इंचांचा दिसतो आणि तोच डब्यात बसावयाचा झाला तर सव्वादोन इंचांचा करावा लागतो. पूर्ण प्रमाणाची गाडी त्या जागेत मावली नसती, वळणेही घेऊ शकली नसती, हे आम्ही जाणतो. गाडी लांबून, पुलावरून जाताना डोळा फसतो आणि सारे शोभून दिसते; स्थानकाच्या फलाटावर मात्र लबाडी उघडी पडते. दूरच्या वस्तू लहान काढण्याची चित्रकाराची युक्ती येथे उपयोगी पडत नाही, कारण प्रेक्षक चित्रासमोर बसलेला नसून चित्रात हिंडत असतो.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या सहा दशकांत हे गाव बाहेरच्या जगाबरोबर बदलत गेले. रस्त्यांवर नवी मोटार आली की येथेही आली. विमानतळावर कॉनकॉर्ड उभे राहिले. गाड्यांनी ब्रिटिश रेल्वेचे नवे रंग धारण केले. १९३० च्या सुमाराच्या गुळगुळीत वळणांच्या शोभिवंत इमारती जाऊन त्यांच्या जागी उघड्या काँक्रीटच्या कचेऱ्या उठल्या. १९९२ साली व्यवस्थापकांनी ठरविले की हे पुरे झाले, गाव पुन्हा १९३०-४० च्या दशकात न्यावयाचे. त्याप्रमाणे पुढे कचेऱ्या निघाल्या, कॉनकॉर्ड गेले, आणि जुन्या ढंगाची घरे पुन्हा बांधली गेली.

व्यवसायाने वकील असल्यामुळे दोन्ही पक्ष ऐकण्याची आम्हांस सवय आहे. या निर्णयाविरुद्ध सबळ युक्तिवाद असा: कॅलिंगहॅम यांनी जुना काळ कधीच बांधला नव्हता. त्यांनी १९२९ साली १९२९ चेच गाव बांधले. भोवताली जे होते ते लहान करून बागेत आणणे हीच त्यांची रीत होती. म्हणजे कॉनकॉर्ड आणणारे त्यांच्या रीतीला अनुसरत होते आणि ते काढणारे त्यांच्या कृतीला. मृत्युपत्राचा अर्थ लावताना शब्द धरावा की हेतू, हा वाद कोर्टात आम्ही अनेकदा ऐकला आहे. येथे तो विटामातीत उभा राहिलेला दिसतो. हॉलंडात हेग येथे १९५२ साली सुरू झालेले, पंचविसाव्या हिश्श्याचे मादुरोडाम हे बेकन्स्कॉटपासूनच स्फूर्ती घेऊन झाले. जॉर्ज मादुरो हा कायद्याचा विद्यार्थी १९४५ साली डाखाउच्या छळछावणीत मरण पावला. त्याचे ते स्मारक आहे. तेथे आजही नव्या इमारतींची भर पडते. आपला देश जसा आहे तसा दाखविणे हे त्यांनी व्रत मानले आहे.

तरीही आमचा कौल १९९२ च्या निर्णयाकडे झुकतो. काळाच्या मागे धावणारी प्रतिकृती त्याला कधीच गाठीत नाही. एक कचेरी बांधून होते तोवर तिच्यासारखी बाहेरची कचेरी जुनी झालेली असते. गाव मग ना धड आजचे राहते, ना धड कालचे. मादुरोडामला ते पेलते, कारण तेथे प्रत्येक वास्तू एखाद्या नामांकित वास्तूची प्रतिकृती आहे. बेकन्स्कॉटची गावे कल्पित आहेत. त्यांचे सारे बळ सर्व वस्तू एकाच हवेत श्वास घेत असल्याच्या भासात आहे. तो भास मोडला की उरते ती दीड एकरावरची अडगळ.

येथेच देवळाचा जीर्णोद्धार आणि बागेचा जीर्णोद्धार यांच्या वाटा फुटतात. मंगेशाचे लिंग १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले. भिंती बदलल्या, गावही बदलले, परंतु देव तोच आहे असे आपण म्हणतो आणि ते यथार्थ आहे, कारण पूजेची परंपरा तुटलेली नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी देवत्व कलशात आवाहन करून ठेवतात आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. वस्तूपलीकडचे काही सांभाळून ठेवलेले असल्यामुळे वस्तू बदलण्याची मुभा मिळते. (या मुभेचा आधार घेऊन जे लोक कोरीव लाकडी खांब उपटून चकचकीत फरशी बसवितात, त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही.) बागेतील घरात असे सांभाळून ठेवण्याजोगे काही नाही. त्याचे रूप हेच त्याचे सर्वस्व. बेळगावची मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात. तो वर्षभर टिकावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही, पुढच्या आश्विनात नवा होतो. बेकन्स्कॉट या दोहोंच्या मध्ये सापडले आहे: त्याला देवळासारखे प्राण नाहीत आणि किल्ल्यासारखे मरणही नाही. म्हणून त्याला एका काळाशी बांधून टाकणे भाग पडले.

पण बांधून टाकताना गावाचा अर्थ पालटला, याची जाणीव पाहणाऱ्यास करून द्यावयास हवी होती. १९२९ साली तो आरसा होता, आता ती आठवण आहे. आणि आठवण निवड करते. त्या गावात क्रिकेटचा सामना आहे, चर्च आहे, कोळशाची खाण आहे. एक गवती छपराचे घर सदैव जळत असते आणि आगीचा बंब सदैव येऊन पोहोचलेला असतो. गावावर येणारी आपत्ती ती एवढीच. ज्या दशकात जॅरो गावचे सुमारे दोनशे बेकार लोक पायी लंडनला गेले (१९३६), त्या दशकाची ही प्रतिकृती आहे हे घरे पाहून कोणास कळणार नाही. कॅलिंगहॅम यांनी हे वगळले ते करमणुकीचे स्थळ म्हणून. त्यांना दोष नाही. परंतु साठ वर्षांनी जो मागे जातो तो इतिहासात जात असतो, आणि त्याच्यावर साक्षीदाराची जबाबदारी येते. काँक्रीटच्या कचेऱ्याही कोणी तरी त्याच प्रमाणात, त्याच कष्टाने घडविल्या होत्या. त्यांतील दोन-तीन तरी एका कोपऱ्यात राखून ठेवल्या असत्या, तर मधली तीस-चाळीस वर्षे घडलीच नाहीत असा आभास झाला नसता.

साक्षीचे महत्त्व किती, हे त्याच बागेत पाहावयास मिळते. मुलांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेल्या एनिड ब्लायटन १९३८ पासून बेकन्सफील्डमध्ये 'ग्रीन हेजेस' या घरात राहत. ते घर १९७३ साली पाडले. बेकन्स्कॉटमध्ये त्याची प्रतिकृती आहे. मूळ दस्तऐवज नष्ट झाला म्हणजे न्यायालय दुय्यम पुरावा ग्राह्य धरते. तसे हे हातभर घर आता त्या पाडलेल्या घराचा पुरावा झाले आहे. साऱ्या गावात आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटते.

बोर्टन-ऑन-द-वॉटर येथील छोट्या गावापुढे असा पेच पडलाच नाही. १९३७ साली खुले झालेले ते गाव म्हणजे खऱ्या बोर्टनचीच नवव्या हिश्श्याची प्रतिकृती, आणि तीही त्याच परिसरातील कॉट्सवोल्ड दगडाची. २०१३ साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. प्रतिकृती चोख असल्यामुळे तिच्यात त्या बागेचीही प्रतिकृती आहे, आणि तिच्या आत आणखी एक. तेथील कारागिरास एकच छप्पर निरनिराळ्या मापांत पुनःपुन्हा दुरुस्त करावे लागते.