हवेलीचा वारसा : रामसे बंधूंचे भयपट

अल्पखर्ची भयपटाकडे समीक्षेने बहुधा पाठच फिरवली आहे. त्याचा प्रेक्षक मात्र पिढी उलटली तरी टिकून राहतो. रामसे बंधूंच्या हिंदी चित्रपटांचे उदाहरण ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा त्यांच्या वडिलांनी निर्माण केलेला चित्रपट अपयशी ठरला. परंतु पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या एका प्रसंगाने प्रेक्षक थरारतो, हे तुलसी आणि श्याम ह्या भावांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) आकाराला आला. महाबळेश्वरच्या विश्रामगृहात मुक्काम, तेथेच चित्रीकरण, आणि लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन ही कामे घरच्या भावंडांत वाटून घेतलेली, असा हा संसार होता.

ह्या काटकसरीतूनच एक शैली घडली. नामवंत नट नसल्यामुळे पडद्यावरचे कोण वाचेल ह्याची हमी राहिली नाही. मुखवट्याचे रबर डोळ्यांना दिसते, तरीही प्रेक्षक दचकतो आणि दचकल्याबद्दल स्वतःला हसतो. आपल्या लोकपरंपरेला हा अनुभव नवा नाही. कोकणातल्या दशावतारात संकासुराच्या मुखवट्याआड कोण आहे हे गावाला ठाऊक असते, आणि तरी मुले आईच्या पदराआड दडतात. भरताने भयानक आणि हास्य हे रस वेगळे मांडले. येथे ते एकमेकांचा हात धरून येतात.

परंतु एवढ्याने ह्या चित्रपटांच्या आकर्षणाचा उलगडा होत नाही. त्यांच्या कथानकांतही काहीतरी खोल रुतलेले आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) राजा हरिमानसिंह सामरी ह्या नरपिशाचाचा शिरच्छेद करवतो. मरता मरता सामरी शाप देतो : राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री प्रसूतीत मरेल. पुढे दोनशे वर्षांनी त्या कुळातला ठाकूर मुलीच्या प्रेमविवाहाला विरोध करतो. प्रथम वाटते, मुलगा गरीब म्हणून; खरे कारण हा शाप असते. न्यायनिवाडा राजाने केला. त्याचे मोल मात्र सुनांनी आणि लेकींनी मोजले. हवेली पुरुषांच्या वाट्याला, मरण स्त्रियांच्या. बाळंतपणात स्त्रिया दगावणे हे ज्या समाजात परिचित दुःख होते, तेथे हा शाप निव्वळ कल्पित वाटणे शक्य नव्हते. कुलीनतेच्या भिंतीत काय चिणलेले आहे हा प्रश्न घरंदाज कौटुंबिक चित्रपट सहसा टाळत असे. ह्या तुच्छ मानल्या गेलेल्या चित्रपटाने तो भिंत फोडून विचारला.

अर्थात येथे गौरवाचा मोह आवरला पाहिजे. ज्या स्त्रीच्या मरणाची भीती हा चित्रपट घालतो, तिच्याच देहाचे प्रदर्शन मांडून तो तिकिटे विकतो. स्नानाची दृश्ये कथेच्या गरजेतून आलेली नाहीत. सामरीचा अखेर नाश होतो, पण हवेलीच्या मालकीविषयी कोणी प्रश्न करीत नाही. करुणा आणि शोषण एकाच चौकटीत नांदतात, आणि प्रेक्षक दोहोंचा वाटेकरी होतो.

ह्या चित्रपटांची आवड म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. त्यांच्या ओबडधोबडपणाचे कौतुक करूनही भागणार नाही. आपल्याला नेमके कशाचे भय वाटले आणि कशाचे सुख झाले, हे दोन्ही प्रश्न प्रेक्षकाने एकाच वेळी स्वतःला विचारावेत. समीक्षेचे काम तेथून सुरू होते.