ऐंगिनीचा पाय

जबलपुरात आमच्या घरी दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. या खेळात फासे पडायच्या आधीच पहिले भांडण होते. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, नव्या कॅम्पेनची दुनिया मांडतो आणि त्यात कोण होऊन खेळायचे, याचे प्रश्न समोरून सुरू होतात. काका, टीफलिंग चालेल का? ड्रॅगनबॉर्न? एल्फ तरी? या वेळची कथा मी नर्मदाकाठी, कलचुरी राजांच्या काळात बेतली होती. त्या मुलखात टोकदार कानांचे एल्फ आणायचे कुठून? आणि ते नकोत म्हटले, तर सगळ्यांनी माणसेच होऊन खेळायचे का? कुठल्या योनी आत घ्यायच्या, हे काही ठरेना.

योनी हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. या खेळात इतकी वर्षे ‘रेस’ म्हणत. २०२४ च्या नियमपुस्तकाने तो शब्द काढून ‘स्पीशीज’ घातला. मराठीत वंश म्हणवत नाही, आणि जात म्हटले तर डाव मांडण्याआधीच मोडेल. योनी मात्र आपल्या घरातलीच. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा जुना हिशेब असा: जलचर नऊ लाख, स्थावर वीस, कृमी अकरा, पक्षी दहा, पशू तीस आणि माणसांच्या वाट्याला चारच. एवढ्या पसाऱ्यातून दहाच निवडून देणारे नवे नियमपुस्तक भलतेच हात आखडून वाढते, असे वाटले.

म्हणून पुस्तक मिटले आणि भेडाघाटला गेलो. धुवांधार धबधबा आणि संगमरवरी कडे पाहून बरेचसे लोक परततात. टेकडीच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात गेले, तर तिथे ही यादी हजार वर्षांपूर्वीच दगडात करून ठेवलेली दिसते.

देऊळ दहाव्या शतकाच्या सुमाराचे, त्रिपुरीच्या कलचुरींचे. ती त्रिपुरी म्हणजे जवळचेच तेवर गाव. देवळाची रचना वर्तुळाकार. साधारण सव्वाशे फूट व्यासाच्या गोल भिंतीला आतून ओवरी आहे, ओवरीत कोनाडे आणि कोनाड्यांत योगिनी. मधल्या अंगणावर छप्पर नाही, तिथे गौरीशंकराचे देऊळ उभे आहे. पंगतीला वरचे आणि खालचे टोक असते, गोलाला ते नसते. शांत चेहऱ्याची देवी, उग्र हाडकुळी देवी, प्राण्याच्या तोंडाची देवी, साऱ्या एकाच ओळीत बसल्या आहेत आणि साऱ्यांची तोंडे अंगणाकडे आहेत. भीती वाटावी अशांनाही इथे बाहेर पायरीवर बसवलेले नाही. आमच्या खेळाला ही समज फार उशिरा आली. सुरुवातीला ऑर्क म्हणजे फक्त तलवारीने कापायचा शत्रू. २०१४ च्या पुस्तकात खेळाडूंसाठी अर्धा ऑर्क होता, २०२४ मध्ये पुरा ऑर्क पानावर येऊन बसला.

मग मोजायला लागलो. नाव चौसष्ट योगिनींचे, पण मूर्तींसाठी कोनाडे एक्याऐंशी! आठ आठे चौसष्टच्या जागी नऊ नवे एक्याऐंशी. नावापेक्षा सतरा जास्त, तरी वर्तुळ कुठे फुगलेले दिसत नाही. यादी वाढवली, पण वाढवतानाही मोजमाप सोडले नाही. डीएमने शिकावे ते इथे. नुसते ‘काहीही चालेल’ म्हटले की दुनियेला आकार राहत नाही, आणि ‘एवढेच चालेल’ म्हटले की खेळाडू हिरमुसतो. प्रत्येकीला कोनाडा द्यायचा, पण तो या भिंतीतच बसला पाहिजे.

आता एका मूर्तीपाशी थांबू. अनेक योगिनींचे हात, नाक, आयुधे फुटलेली आहेत, पण बैठकीवर कोरलेली नावे पुष्कळ ठिकाणी अजून वाचता येतात. या मूर्तीचे नाव श्री ऐंगिनी. देह बाईचा, डोके हत्तीचे. आपण पटकन स्त्रीरूपातला गणपती म्हणून मोकळे होऊ. पण शिल्पकाराने तेवढ्यावर भागवलेले नाही. तिचा डावा पाय दुमडलेला आहे आणि त्या पायाला खालून आधार देणारा एक गजमुख पुरुष कोरला आहे. अभ्यासक त्याला गणेश मानतात.

या शिल्पाचा सगळा रस मला त्या आधारात दिसतो. ज्याला वंदन केल्याशिवाय आपले एकही कार्य सुरू होत नाही, तो इथे दुसरीचा पाय तोलून धरतो आहे. ऐंगिनी कोण, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसेल, गणपती तर ठाऊक आहे ना! ओळखीच्याने अनोळखीचा भार घेतला की ती परकी राहत नाही. शिल्पकाराने तिची कुळकथा सांगितली नाही, फक्त जामीन दाखवला.

जामिनाचीच गोष्ट जबलपूरच्या दक्षिणेला, शिवनीच्या डोंगरात घडते. किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मध्ये (१८९४) लांडग्यांची सभा भरते आणि माणसाचे पिल्लू मोगली आत घ्यायचे की नाही, यावर तंटा होतो. कायदा असा की आईबाप सोडून दोघांनी त्याच्या बाजूने बोलावे. पहिला बोलतो बल्लू अस्वल. तो स्वतः लांडगा नाही, पण पिल्लांना कायदा शिकवतो म्हणून सभेत त्याला जागा आहे. दुसरा बगीरा. त्याला बोलायचा हक्क नाही, म्हणून तो नुकताच मारलेला बैल मोल म्हणून पुढे करतो. मोगलीला आत घेताना त्याच्या अंगच्या गुणांची परीक्षा कोणी घेत नाही. त्याच्यासाठी शब्द टाकणारे आहेत की नाहीत, एवढेच पाहिले जाते.

आणि गंमत म्हणजे आमच्या खेळाच्या जन्मपत्रिकेतही हे दार उघडेच होते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिल्या पुस्तिका काढल्या. त्यांत खेळायला चारच होते: माणूस, एल्फ, ड्वॉर्फ आणि हॉबिट. हॉबिटवर टोल्किनच्या हक्कांचा प्रश्न आला आणि पुढे त्याचा हाफलिंग झाला. पण याच पुस्तिकांत अशी मुभा होती की खेळाडूला जवळपास काहीही होता येईल, फक्त सुरुवात दुबळेपणापासून करायची आणि वर चढायचे. ड्रॅगन व्हायचे तर आधी पिल्लू व्हा. पानावरची यादी चारांची, पण पाचव्यासाठी अट आधीच लिहून ठेवलेली.

पुढच्या रविवारी मी यादी केलीच नाही. अटी मात्र तीन सांगितल्या. नर्मदेच्या या खोऱ्यात तुझी जागा कुठे, ते सांग. तुझे नाव सांग. आणि या टेबलावरचे कोण तुझा पाय तोलेल, ते सांग. एल्फ मागणारा पहिल्याच अटीला अडखळला आणि हसत हसत गोंड शिकारी झाला. भाचीला मगरीच्या तोंडाची योद्धी हवी होती. मगर तर नर्मदामाईचे वाहनच, तेव्हा जागेचा प्रश्न मिटला. जामीन कोण, म्हणून विचारले तेव्हा सगळे गप्प. मग तो शिकारीच म्हणाला, “गेल्या पुरात हिनेच मला बाहेर ओढलं होतं. माझ्या तांड्यात ती चालेल.” खेळ अजून सुरू व्हायचा होता आणि त्या दोघांची गोष्ट होऊनही गेली होती.

भेडाघाटच्या गोल भिंतीत तीन जागी मूर्ती बसवलेली नाही. तिथून आत यायची वाट आहे. म्हणजे माणूस या वर्तुळात शिरतो तोच एका रिकाम्या कोनाड्यातून. एक्याऐंशी आणि तीन, चौऱ्याऐंशी. यातून मी काही सिद्ध करत नाही, फक्त तिथे उभे राहिल्यावर बेरीज आपोआप होते.

भाचीने कॅरॅक्टर शीट पुढे ओढली आणि नावाच्या रकान्यात लिहिले: श्री मकरी.