परमुलखातील दिनामो

एखाद्या क्रीडासंघाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याने जिंकलेल्या चषकांची यादी द्यावयाची, असा एक सोपा समज रूढ झाला आहे. जॉर्जियाच्या राजधानीतील दिनामो तिबिलिसी या फुटबॉल संघाची कथाही बहुधा याच रीतीने सांगितली जाते. १९२५ साली स्थापना, १९६४ व १९७८ साली सोव्हिएत संघराज्याचे अजिंक्यपद, १९८१ साली युरोपातील चषकविजेत्या संघांच्या स्पर्धेत अंतिम विजय. यादी खरी आहे. परंतु तिच्यात या संघाचे मर्म येत नाही, असे आमचे मत आहे. ते जाणावयाचे तर हा संघ आपल्या गावाबाहेर कसा खेळला, तेथे लोकांनी त्याला कोणत्या नावाने ओळखले, आणि मुळात त्याचे घर ते कोणते, हे पाहावयास हवे.

युरोपीय स्पर्धांत प्रत्येक जोडीचे दोन सामने होत, एक आपल्या गावी व दुसरा प्रतिपक्षाच्या गावी. दोहोंतील गोलांची बेरीज करून निकाल ठरे. १९७९ साली दिनामोची गाठ इंग्लंडच्या लिव्हरपूलशी पडली. लिव्हरपूलमध्ये दिनामो १-२ असा हरला आणि तिबिलिसीत त्याने त्याच बलाढ्य संघाला ३-० असे नमविले. पुढच्या फेरीत हँबुर्गमध्ये १-३ अशी हार पत्करावी लागली, व या खेपेस घरचे मैदानही कामास आले नाही. तेथे २-३ असा पराभव झाला. एवढ्यावरून कोणी म्हणेल की हा संघ घरचा वाघ, बाहेरची शेळी. पण हा निर्णय घाईचा ठरेल. याच संघाने आपले पहिले अजिंक्यपद तिबिलिसीत नव्हे, तर दूर उझबेकिस्तानात, ताश्कंद येथे मिळविले होते. १९६४ साली मॉस्कोच्या तॉर्पेदो संघाशी गुणांची बरोबरी झाल्यामुळे तेथे निर्णायक सामना खेळविण्यात आला आणि जादा वेळात दिनामोने तो ४-१ असा जिंकला.

तथापि आमच्या मते या संघाचा परमोत्कर्ष पाहावयाचा तो ४ मार्च १९८१ रोजी लंडनमध्ये. वेस्ट हॅम हा संघ त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत खेळत होता खरा. पण आदल्याच वर्षी त्याने इंग्लंडचा मानाचा चषक जिंकला होता. त्याच्या मैदानावर दिनामोने त्याला ४-१ असे हरविले. कर्णधार चिवाद्झे व गुत्सायेव यांनी एकेक आणि शेंगेलियाने दोन गोल केले. विशेष हे की यजमान प्रेक्षकांनीच या पाहुण्यांचे टाळ्या वाजवून कौतुक केले. दोनच आठवड्यांनी तिबिलिसीत, आपल्या हजारो माणसांसमोर, हाच संघ वेस्ट हॅमकडून ०-१ असा हरला. घरच्या आरोळ्यांनी खेळ उंचावतोच असे नाही. लंडनमध्ये त्यांना जपण्यासारखे काही नव्हते म्हणून ते मोकळेपणाने खेळले. तिबिलिसीत तीन गोलांची पुंजी सांभाळावयाची होती.

ज्यांचे कौतुक झाले त्यांना परमुलखात बहुतेक लोक 'रशियन' म्हणत. हे त्यांचे नाव नव्हते. जॉर्जियनांची भाषा निराळी, लिपी निराळी. संघाने दुसरे अजिंक्यपद मिळविले त्याच १९७८ सालच्या एप्रिलात, जॉर्जियन भाषेचे राजभाषेचे स्थान नव्या संविधानातून काढून टाकू नये म्हणून तिबिलिसीच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते, आणि सरकारला माघार घ्यावी लागली होती. मातृभाषेसाठी झगडणाऱ्या या लोकांच्या संघाला परदेशात मात्र दुसऱ्याचेच नाव मिरवावे लागे.

अंतिम सामना १३ मे १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे झाला. प्रतिपक्ष पूर्व जर्मनीतील कार्ल त्साइस येना. साठ हजारांहून अधिक माणसे मावतील अशा त्या मैदानात जेमतेम काही हजार प्रेक्षक होते. कारण उघड आहे. दोन्ही संघांच्या चाहत्यांना सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. येनाने प्रथम गोल केला. चारच मिनिटांत गुत्सायेवने बरोबरी साधली, आणि सामना संपावयास थोडीच मिनिटे उरली असता दारासेलियाने विजयी गोल केला. आपल्या देशाच्या फुटबॉलमधील सर्वांत मोठा क्षण फार थोड्या जॉर्जियनांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

या दोन गोलकर्त्यांकडे चषकांची यादी लिहिणारे पुरेसे लक्ष देत नाहीत, अशी आमची तक्रार आहे. व्लादिमिर गुत्सायेव तिबिलिसीचा, पण वंशाने ओसेती. विताली दारासेलिया जन्मला तो अबखाझियातील ओचामचिरे या समुद्रकाठच्या गावी. आणि लंडन गाजविणारा शेंगेलिया मूळचा कुताइसीचा. तेव्हा परमुलखात जो संघ उतरला, त्याचे घर एका शहरापेक्षा पुष्कळच मोठे होते. १९८२ च्या डिसेंबरात दारासेलिया मोटार-अपघातात मृत्यू पावला. पुढे जे घडले ते पाहण्याचे त्याच्या नशिबी आले नाही.

१९९१ साली जॉर्जिया स्वतंत्र झाला. आता नाव आपले, ध्वज आपला. परदेशात दुसऱ्याचे नाव मिरविण्याचे कारण उरले नाही. पण १९९३ साली बेलफास्टच्या लिनफील्ड संघाला मैदानात मागे टाकूनही दिनामोला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. पंचांना लाच देऊ केल्याचा ठपका त्याच्यावर होता. गौरवकथा सांगणारे हे पान बहुधा उलटून टाकतात. ते उलटू नये. उसन्या नावाने खेळताना ज्यांनी परक्यांच्या टाळ्या मिळविल्या, त्यांच्याच वारसांनी स्वतःच्या नावाने खेळताना ती अब्रू गमावली, ही गोष्ट कडू असली तरी शिकण्यासारखी आहे.

त्याच सुमारास घरही फुटले. १९९१-९२ साली दक्षिण ओसेतियात आणि १९९२-९३ साली अबखाझियात युद्ध पेटले. अबखाझिया तिबिलिसीच्या सत्तेबाहेर गेला, आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियन तेथून परागंदा झाले. ड्युसेलडॉर्फला आज तिबिलिसीचा संघ केव्हाही जाऊ शकेल. पण त्याला तेथे चषक मिळवून देणाऱ्या दारासेलियाच्या ओचामचिरेत, त्याहून कितीतरी जवळ असूनही, त्याला सामना खेळावयास जाता येत नाही. म्हणून १९८१ च्या त्या विजयाची नोंद केवळ २-१ या आकड्यांनी पुरी होत नाही. त्या संध्याकाळी एका परक्या, रिकाम्या मैदानावर जॉर्जियाचे सारे घर एकत्र होते. पुढे ते तसे स्वतःच्या भूमीवरही राहिले नाही. दिनामोचा इतिहास लिहिणाऱ्याने आरंभ येथूनच करावा, असे आम्हांस वाटते.