थूण गावची विहीर आणि महाडचे तळे

हिंदू धर्म आणि बौद्ध धम्म यांतील भेद सांगणाऱ्या पुस्तिका धम्मचक्र प्रवर्तनदिनी, बुद्धजयंतीला आणि २० मार्चला महाडच्या क्रांतिभूमीवर हमखास विक्रीस असतात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. डाव्या रकान्यात ईश्वर, आत्मा, यज्ञ, वर्ण. उजव्या रकान्यात अनीश्वरवाद, अनात्मवाद, शील, समता. प्रचाराच्या दृष्टीने ही मांडणी उपयोगी आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु समीक्षेच्या कसोटीस ती उतरत नाही, आणि प्रतिपक्षाच्या एखाद्या व्युत्पन्न माणसापुढे तर ती फार वेळ तग धरीत नाही.

पूर्वमीमांसा जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाही. तरीही वेदप्रामाण्याची आणि वर्णाधिष्ठित कर्मकांडाची कडवी पाठराखण तिनेच केली. अभिजात सांख्यही निरीश्वरच आहे. म्हणजे ईश्वर नाकारला की समता आपोआप येते, असे मुळीच नाही. बाह्य स्नानापेक्षा मनाची शुद्धी श्रेष्ठ, हा उपदेशही केवळ आपल्याच परंपरेत आहे असे म्हणता येत नाही. वारकरी संतांनी तीर्थस्नानाच्या दंभावर कोरडे ओढलेलेच आहेत. रकाने असे परस्परांत मिसळू लागले की, बौद्ध धम्म ही हिंदू धर्माचीच एक शाखा आणि बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, हे जुने विधान पुन्हा डोके वर काढते. यादीने त्याचे खंडन होत नाही.

आमच्या मते ही तुलना मतांपाशी न करता आचारापाशी करावी, आणि महाडच्या वाचकांना तर ती पाण्यापाशीच करणे सुचावे. पाण्याला हात कोणी लावावा, आणि ते पाणी माणसाचे काय करते, या दोन प्रश्नांची उत्तरे दोन्ही परंपरांनी स्पष्ट देऊन ठेवली आहेत.

घटनाक्रम सर्वांस ठाऊक आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही तळ्याकडे जाण्याचे धैर्य कोणास झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेच्या प्रतिनिधींसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. लगेच गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, आणि हल्ला झाला. त्यानंतर जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने हल्ल्याहूनही बोलके आहे. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारासह तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' करण्यात आले. त्याच तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, आणि गुरांनाही नव्हता. तेव्हा घाण हा मुद्दा नव्हताच. जन्म हाच मुद्दा होता.

याला 'काही अडाणी सनातन्यांचा अतिरेक' म्हणून बाजूला सारणारे आजही भेटतात. त्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडावा. तेथे शरीर पाण्याने आणि मन सत्याने शुद्ध होते, अशा आशयाचा प्रसिद्ध श्लोक आहे (५.१०९). भाषणांतून तो वारंवार ऐकू येतो, आणि तो सुंदर आहे यात संशय नाही. पण त्याच अध्यायात, चोवीस श्लोक आधी (५.८५), चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत यांचा स्पर्श झाल्यास स्नानाने शुद्ध व्हावे, असा नियम आहे. सत्याने शुद्ध होणारे मन आणि स्पर्शाने बाटणारी काया हे दोन विचार एका छपराखाली सुखाने नांदतात. एकाने दुसऱ्याला हुसकावून लावले नाही, हीच या परंपरेची खरी अडचण आहे. आंतरिक शुद्धीचा गौरव करणारा माणूस तळ्यात पंचगव्य ओतू शकतो, आणि ग्रंथाच्या दृष्टीने त्यात विसंगती नसते.

पालि वाङ्मयाकडे वळले की हे छप्परच वेगळे असल्याचे दिसते. मज्झिमनिकायातील वत्थूपमसुत्तात सुंदरिक भारद्वाज ब्राह्मण भगवंतांना विचारतो, आपण बाहुका नदीवर स्नानास जाता काय? उत्तरात भगवंत तीर्थांची नावेच घेतात, गया आणि प्रयाग त्यांत आहेत. पापकर्म करणाऱ्याला ही पाणी धुऊन काढीत नाहीत. आणि जो खोटे बोलत नाही, हिंसा करीत नाही, न दिलेले घेत नाही, त्याला गयेला जाण्याचे प्रयोजन उरत नाही, कारण त्याच्या लेखी साधी विहीरही गयाच. तीर्थ आणि विहीर यांतील अंतर येथे पुसले गेले आहे. ज्या पाण्यात पावन करण्याची शक्ती नाही, ते पाणी कोणाच्या स्पर्शाने अपावनही होऊ शकत नाही. एक मान्य केले की दुसरे मान्य करावेच लागते.

थेरीगाथेतील पुण्णिका हाच मुद्दा दासीच्या तोंडून मांडते. मालकिणीच्या माराच्या भीतीने थंडीत पाण्यात उतरणारी ही पाणी भरणारी दासी, पुण्यासाठी त्याच पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की मग बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील काय? थंडी दोघांनाही सारखीच वाजते. या गाथांतील विनोद आमच्या अनुवादकांनी फारच गंभीर करून टाकला आहे.

मात्र महाडच्या सर्वांत निकटचा पाठ उदानात आहे, आणि आमच्या पुस्तिकांत तो कधी आढळत नाही. मल्लांच्या प्रदेशात चारिका करीत भगवंत थूण नावाच्या ब्राह्मणग्रामी येतात. मुंडक श्रमणांना पाणी पिता येऊ नये म्हणून ग्रामस्थ विहीर गवताने आणि भुशाने तोंडापर्यंत भरून टाकतात. भगवंत आनंदांना पाणी आणावयास सांगतात. आनंद दोनदा नकार देतात, तिसऱ्यांदा जातात, तो विहिरीने गवत-भुसा बाहेर टाकलेला असतो आणि स्वच्छ पाणी काठोकाठ वाहत असते. आनंद याला तथागतांचा प्रभाव म्हणतात. शेवटची गाथा तृष्णेच्या उच्छेदाकडे वळते.

येथे आम्ही थोडे थांबतो. संकलकांना पाणीबंदीची आठवण जपावीशी वाटली, हे मोलाचे आहे. पण चमत्कार आणि तृष्णाक्षय या दोहोंच्या मध्ये त्या ग्रामस्थांचे काय झाले, हा प्रश्न पाठात हरवतो. महाडला विहीर आपोआप भरून आली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये मनाईहुकूम आला, फत्तेखानांच्या जागेत परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. स्मरणातीत काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. थूणची कथा महाडच्या दहा वर्षांसह वाचली तरच ती आज पुरी होते, असे आमचे मत आहे.

आणखी एक सावधगिरी. आनंदांनी चांडाळकन्येला 'मी जात विचारली नाही, पाणी मागितले' असे सांगितल्याची कथा व्यासपीठावरून तिपिटकातील म्हणून सांगितली जाते. तिचे प्रसिद्ध मूळ दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात, म्हणजे संस्कृतात आहे. कथा खोटी ठरत नाही, पण आपला संदर्भ चुकीचा असेल तर प्रतिपक्षाचे काम सोपे होते.

वीर स्थानकावर उतरून महाडकडे निघाले की शहरापूर्वी गांधारपाल्याची लेणी लागतात. रोहा–वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ साली सुरू झाल्यापासून कित्येक अनुयायी याच वाटेने येतात, आणि त्यांतील बरेच जण त्या डोंगराला अजून 'पांडवलेणी' म्हणतात! तेथील ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दिल्याची नोंद आहे. त्याच दानात लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी आहेत. दात्याचे नाव विष्णूचे, दान भिक्खुसंघाचे. दोन रकान्यांत हा कुमार कोठे बसवावा? त्याला कोणत्याच रकान्यात बसविण्याची गरज नाही. पाणी खोदून देणे हे त्याला देयधम्म वाटले, एवढे पुरे.

राहिला आपल्या घरातील प्रश्न. परित्राणपाठानंतर कलशातील पाणी शिंपडण्याची प्रथा आपल्या विहारांतून रूढ आहे. रतनसुत्ताच्या मूळ पाठात पाण्याचा उल्लेख नाही. वैशालीत आनंदांनी पाणी शिंपडल्याची कथा अट्ठकथेतील आहे. मिलिंदपञ्हात नागसेनही परित्राणाच्या मर्यादा सांगतात, कर्म, क्लेश आणि अश्रद्धा यांच्या आवरणापुढे ते चालत नाही. मंगल कामनेची खूण म्हणून पाणी शिंपडले तर आमची हरकत नाही. पण नवे घर 'शुद्ध' करण्यासाठी किंवा बाळंतिणीचा विटाळ फेडण्यासाठी भन्तेजींना बोलावणे आले, तर तेथे पाठ परित्राणाचा आणि विधी मनूच्या पाचव्या अध्यायाचा होतो. असे बोलावणे आल्यास पाणी शिंपडण्याऐवजी त्या बाळंतिणीच्या हातचे पाणी भन्तेजींनी सर्वांदेखत प्यावे, अशी सूचना आम्ही आमच्या विहाराच्या समितीपुढे ठेवली आहे.