मागच्या भागाची किंमत

'द बॉर्न सुप्रीमसी' (2004) गोव्यात सुरू होतो. जेसन बॉर्न आणि त्याची प्रेयसी मरी तिथे लपून राहताहेत. त्याला रात्री स्वप्नं पडतात, तुटक आठवणी तो वहीत टिपून ठेवतो. मग किरिल नावाचा मारेकरी गोव्यात येऊन पोचतो. पाठलागात धावत्या गाडीतच दोघं जागा बदलतात, स्टिअरिंग मरीच्या हाती जातं आणि बॉर्न समजून झाडलेली गोळी तिला लागते. गाडी पुलावरून नदीत कोसळते. सिनेमा अजून नीट सुरूही झालेला नसतो आणि पहिल्या भागाने जे जिवापाड वाचवलं होतं, ते संपलेलं असतं.

हेरपटाचा पुढचा भाग कुठून रंगतो, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या सिनेमात क्वचितच मिळालं. नेहमीचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे: देश वाढवा, स्फोट वाढवा, खलनायकाची धमकी शहरावरून जगावर न्या. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास आणि पटकथाकार टोनी गिलरॉय यांनी हा हिशेब बाजूला ठेवला. रॉबर्ट लडलमच्या 1986च्या कादंबरीचंही त्यांनी जवळपास फक्त नाव घेतलं. ती कादंबरी हाँगकाँग आणि चीनमध्ये घडते, आणि मरी त्यात जिवंत राहते.

त्यांच्या सिनेमात धावपळ भरपूर आहे. म्युनिकच्या घरात बॉर्न गुंडाळलेल्या मासिकाने झुंजतो. मॉस्कोत एका पिवळ्या टॅक्सीचा जो चुराडा होतो, त्याला तोड नाही. पण हा पाठलाग संपल्यावर सिनेमा संपत नाही. जखमी बॉर्न एका रशियन मुलीच्या घरी जातो. आपल्या आईने वडिलांना मारून स्वतःला संपवलं, असं तिला आयुष्यभर वाटत आलंय. ते दोन्ही खून मी केले, हे तो तिला सांगतो आणि निघून जातो. मारामारीच्या सिनेमाचा कळस एका कबुलीत आहे. म्हणूनच आधीच्या प्रत्येक ठोशाला वजन येतं. हा माणूस कशासाठी एवढा मार खातोय हे आपल्याला कळतं. तिसऱ्या भागाने ('अल्टिमेटम', 2007) तर दुसऱ्याचं शेवटचं दृश्य उचलून आपल्या कथेच्या मध्यात बसवलं. न्यूयॉर्कमधला तोच फोन आपण पुन्हा ऐकतो, पण आता त्या बोलण्यात दडलेला निरोप उलगडतो. मागचा भाग लक्षात ठेवणाऱ्या प्रेक्षकाचा याहून मोठा सन्मान नाही.

हे नुसत्या तंत्राचं यश नव्हतं, याला पुरावा आहे. 'बॉर्न'च्या या दोन भागांत दुसऱ्या चित्रीकरण पथकाचं दिग्दर्शन डॅन ब्रॅडलीकडे होतं. पुढे तोच माणूस 'क्वांटम ऑफ सोलेस'वर (2008) गेला. तिथेही तसाच हलता कॅमेरा, तशीच झपाट्याची कापाकापी. सुरुवातीला इटलीत बाँडच्या गाडीमागे काळ्या गाड्या लागतात. दरीच्या कडेने जीवघेणी शर्यत होते. बाँड काय वाचवतोय, हे मात्र शर्यत संपल्यावर, डिकी उघडून आतला कैदी दिसतो तेव्हा कळतं. तोवर आपण फक्त पत्रा फाटताना पाहिलेला असतो. 'कसिनो रोयाल'मध्ये बाँडच्या प्रेयसीच्या, व्हेस्परच्या मृत्यूने जे दुःख उभं केलं होतं, ते या उत्तरभागाच्या हाती तयार होतं. लेखकांच्या संपाच्या सावटात अर्धवट पटकथेवर उभा राहिलेला हा सिनेमा ते पेलू शकला नाही.

'मिशन: इम्पॉसिबल'ची गोष्ट वेगळी, कारण तिथे नायकाचं अंतरंग फारसं उलगडत नाही. तिथली गंमत योजना फसण्यात आहे. 'घोस्ट प्रोटोकॉल'मध्ये (2011) बुर्ज खलिफाची उंची धडकी भरवते. पण खरी भीती चिकटणारा हातमोजा बंद पडतो तेव्हा सुरू होते. मुखवटे बनवणारं यंत्रही ऐनवेळी दगा देतं. मुखवटा ही या मालिकेची हुकमी युक्ती. दिग्दर्शक ब्रॅड बर्डने तीच काढून घेतली आणि माणसांना उघड्या चेहऱ्याने शत्रूसमोर बसवलं. 'फॉलआउट' (2018) त्याच्याही पुढे जातो. नायक ईथन सहकाऱ्याचा जीव वाचवतो आणि त्यापायी प्लुटोनियम हातचं जातं. पुढचा सगळा सिनेमा त्या एका निवडीची भरपाई आहे. लंडनमध्ये इमारतीवरून उडी मारताना टॉम क्रूझचा घोटा मोडला, तो शॉटही सिनेमात आहे. त्याच्या धाडसाची चर्चा फार होते, दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीच्या या बांधणीची कमी. मला बांधणी मोठी वाटते.

आता आपल्याकडे. 'टायगर जिंदा है' (2017) मला आवडतो. रॉचा हेर आणि आयएसआयची हेर पळून गेले, इथे पहिला भाग थांबला होता; दुसऱ्याने त्यांना संसार दिला, मूल दिलं आणि इराकमध्ये ओलीस असलेल्या परिचारिकांसाठी दोन्ही देशांच्या हेरांना एकत्र कामाला लावलं. प्रेमकथेतला प्रश्नच मोहिमेचा प्रश्न झाला. नंतर निर्मितीसंस्था यशराजने आपल्या हेरपटांचं एकच विश्व केलं आणि घसरण सुरू झाली. 2023च्या जानेवारीत 'पठाण'मध्ये टायगर रेल्वेगाडीत धावून आला, नोव्हेंबरमध्ये 'टायगर 3'मध्ये पठाणने परतफेड केली. टाळ्या दोन्हीकडे कडकडून पडल्या. पण संकटात सापडलेल्या नायकाची सुटका दुसऱ्या सिनेमाचा नायक करू लागला, की संकट खोटं पडतं. 'वॉर 2'मध्ये (2025) नायक कबीरची बालपणीची मैत्री अचानक प्रकट होते. 'वॉर'मध्ये (2019) तिची चाहूलही नव्हती. भूतकाळ असा ऐनवेळी बेतला, तर त्याचं ओझं प्रेक्षकाला कसं जाणवणार?

हृतिक रोशन, सलमान, शाहरुख, हाताशी पैसा आणि कसबी स्टंट कलाकार: यशराजकडे कमी कशाची नाही. त्यांना एवढीच विनंती की पुढचा एक भाग असा काढा, ज्यात टायगरच्या मदतीला कुणीच येत नाही आणि त्याच्या जुन्या निर्णयाची किंमत त्यालाच मोजावी लागते.