गाण्यातून गळलेली गावं

खंडोबाच्या जागरणाची सुरुवात होते ती देवांना बोलावण्यापासून. अंगणात पाच उसांचा मांडव, खाली चौक भरलेला, घट मांडलेला, शेजारी दिवटी. वाघ्या, म्हणजे खंडोबाचा गाणारा भक्त, दिमडी या छोट्या डफावर थाप मारतो आणि एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक घालतो. आधी जेजुरी, पाली, तुळजापूर अशी मोठी ठाणी, मग हळूहळू पंचक्रोशीतले देव. गेली काही वर्षं मी या हाकांकडेच कान लावून बसतो. त्यात किती गावं आली, यावरून पुढची रात्र कशी जाणार याचा अंदाज येतो.

कारण खंडोबाची कथा मुलुखाशिवाय सांगताच येत नाही. देवाची पहिली बायको म्हाळसा नेवाशाची, वाण्याची लेक. तिचं लग्न पालीला लागलं. दुसरी, बाणाई, मालेगावजवळच्या चंदनपुरीची, धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बाणाईच्या वाड्यावर चाकर होऊन मेंढरं राखतो आणि शेवटी तिला घेऊन जेजुरीला येतो. आजही म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या डोंगरात. त्या पायऱ्या चढलेल्या माणसाला सवतींचं भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वाण्याघरची बोली आणि मेंढवाड्यावरची बोली समोरासमोर उभी करून कसलेला वाघ्या त्या भांडणात तासभर सहज रमतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी 1961 साली ‘खंडोबा’ हे पुस्तक लिहिलं, पण हे भांडण ऐकावं ते अंगणातच.

धनगरी ओवीत वाटेला याहूनही मोठं काम आहे. आधी ओवी गायची, मग तीच कथा सपादणीत बोलून पुढे न्यायची, अशी तिची चाल. वीरचा म्हस्कोबा सोनारीहून आला तो कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागे. म्हणजे ती कथाच एक प्रवास आहे. पाणी कुठे, चारा कुठे, कोणत्या गावात वाडा बसू देतील, हे सगळं देवालाही बघावं लागतं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर फिरून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतल्या बिरोबा आणि धुळोबाच्या ओव्या अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी सहकाऱ्यांसह 2014 साली इंग्रजीत आणल्या. ओवी वाचताना या वाटेचाच वाचकाला कंटाळा येऊ शकतो. माळावर बसून ऐकणाऱ्याला मात्र तीच ओळखीची असते.

आज चालींना काही झालेलं नाही. जागराच्या, गोंधळाच्या चाली सिनेमात आणि हळदीच्या मांडवात जोरात वाजतात, त्या गाणारे तरुण आवाजही दमदार आहेत. कात्री लागते ती बोलण्याला. रंगमंचावर पंधरा मिनिटं मिळाली की आधी सपादणी जाते, मग गावं. एका महोत्सवात संयोजकाने कलाकारांना माझ्यासमोर सांगितलं, “ते गावांचं वगळा, थेट ठेक्यावर या.” मला ते फार लागलं. ठेका कोणालाही शिकता येतो. कोणत्या ओढ्याकाठी कोणता देव बसला आहे, हे त्या माणसांपाशीच होतं.

सगळं जुनं टिकावं, असं मी म्हणणार नाही. देवाला मुली मुरळी म्हणून सोडण्याची चाल मोडली, 2005 साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, हे फार बरं झालं. दिमडीला घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तेही बंद व्हायला हवंच होतं. आता फायबरचं पान येतं. ते दवाने उतरत नाही, त्यामुळे शेकावंही लागत नाही. पूर्वी दिमडी आगटीवर धरून वाघ्या तेवढ्या वेळात यजमानांशी बोलायचा, घराण्याचा देव विचारून घ्यायचा. दिमडी बदलली तशी ही उसंतही गेली. तिला दुसरी जागा शोधून द्यायला हवी होती, ते कोणी केलं नाही.

मागच्या मार्गशीर्षात पुरंदर तालुक्यातल्या एका वस्तीवर जागरण ऐकलं. हाका संपवून वाघ्या कथेकडे वळणार, तोच घरातली आजी उंबऱ्यातून म्हणाली, “आरं, आमचा ओढ्याचा म्हसोबा राहिला की.” वाघ्याने हात थांबवला. “कंचा ओढा, आजी?” तिने नाव सांगितलं, शेजारच्या पिंपरणीची खूण सांगितली. त्याने तुणतुण्याकडे बघून मान हलवली आणि ओढा, झाड, म्हसोबा तिन्ही चालीत बसवून हाक पुन्हा पहिल्यापासून घातली.